साबणाच्या थेंबानंतर

अब्बा, आज मिरजेला फुफीकडे आले आहे. तुमची धाकटी बहीण डायलिसिसहून येऊन आतल्या खोलीत झोपली आहे आणि मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. पत्र घालायला पत्ता नाही, तरी लिहिते.

तुम्ही दवाखान्यात ड्रेसर होता. मी एम. एस्सी. करत होते. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही कांदा चिरता चिरता विचारलंत, औषध अंगात जाऊन करतं तरी काय? मी ऐटीत सांगितलं, शरीरातली कामं प्रोटीनं करतात, प्रत्येकाच्या अंगावर एक खोबण असते, औषधाचा बारीक रेणू त्या खोबणीत बसला की प्रोटीनाचं काम थांबतं. "आनि भलतीकडंच बसला तर?" "नाही बसत." तुम्ही सुरी खाली ठेवली. "बघितल्याबिगर न्हाई म्हनू नगंस. मी चिकटपट्टी लावतो, ती कापसापरीस केसालाच जास्ती चिकटती." मला राग आला होता. हातानं मलमपट्टी करणारा माणूस मला रसायनशास्त्र शिकवतोय, असं वाटलं होतं.

ज्या आजारानं तुमच्या दोन्ही किडन्या पाण्याच्या फोडांनी भरून गेल्या आणि आता फुफीच्या गेल्या, त्याच्याच मागे आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं होतो. त्या फोडांना वाढवणारं एक प्रोटीन आहे. कपाटभर पदार्थ त्याच्यावर घालून पाहिले आणि त्यातल्या एकानं त्याचं काम बंद पाडलं. आकडे इतके देखणे आले की मी त्याच दुपारी फुफीला फोन केला, "औषध सापडलंय." असं कुणी सांगत नसतं, अब्बा. तिथून गोळी व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, तीही झालीच तर. पण सांगून बसले.

काही रेणू खोबणीत बसतच नाहीत. ते पाण्यात एकमेकांना धरून गोळा होतात, प्रोटीन त्या गोळ्याला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम तसंच थांबतं. ओळखायला साबणासारख्या द्रवाचा एक थेंब पुरतो. गोळे फुटतात, प्रोटीन मोकळं होतं. एका सकाळचं काम. मी ते आठ महिन्यांनी केलं. थेंब घातला आणि प्रोटीन पुन्हा असं कामाला लागलं, जणू आमचा पदार्थ तिथे नव्हताच. त्या द्रवाची बाटली पहिल्या दिवसापासून माझ्याच फळीवर होती. सोमवारी सगळ्यांना सांगितलं, त्या पदार्थावरचं काम बंद झालं. साहेब एवढंच म्हणाले, "कळलं ते बरं झालं." कुणी रागावलं असतं तर हलकं वाटलं असतं. आता नवं काही सुरू करायचं म्हटलं की नुसतं बसून राहावंसं वाटतं.

दुपारी फुफी आली. हाताला पट्टी, तोंड सुकलेलं. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "फुफी, ते औषध नाही झालं."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"आदी दर आईतवारी फोन करायचीस. ईदपासनं एक न्हाई." ती खाटेवर टेकली. "पानी दे. अर्धीच वाटी."

वाटी दिली. तिनं ते मोजूनच प्यायचं पाणी घोट घोट करत किती तरी वेळ पुरवलं. मी माफी मागायला लागले तर हातानंच गप्प केलं. मग म्हणाली, "आपल्या घरात रगतातनं येतंय ह्ये. तुजं पोट तपासून घितलंस का?"

"घेतलं."

"काय निगालं?"

"काही नाही. साफ आहे."

तिनं डोळे मिटले, पुटपुटत दुवा केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

अब्बा, मी तपासून घेतलेलं नाही.