एका नाण्याला विकत घेतलेली मिरल

मी, डॉ. फेलित्स्या झुसमान, वय अठ्ठावन्न, मुलांची डॉक्टर, राहणार वॉर्सा, ज्यू वस्ती, भिंतीच्या आत, माझ्यामागची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. वजनाचं विचारू नये.

१. घर भिंतीपलीकडे राहिलं. आता तिथे कोण राहतं ठाऊक नाही. त्यांनी निदान खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालावं.

२. स्टेथोस्कोप आणि लोकरीचा कोट डॉ. हिलेल काम्येन यांना. कोट विकून ते वॉर्डासाठी साबण आणतील. हरकत नाही.

३. ज्या प्राध्यापकांनी माझं क्षयावरचं काम स्वतःच्या नावावर छापलं आणि पुढे ज्यू म्हणून मला वॉर्डातून काढलं, त्यांना काही ठेवत नाही. त्यांना हवं ते ते न विचारता घेतात. राग होता. आता शोधूनही सापडत नाही.

४. भुकेवरचं काम. औषध नाही, अन्न नाही. निदान भूक शरीराचं काय करते ते नीट पाहून ठेवू, असं आम्ही डॉक्टरांनी ठरवलं. तपासणारेही उपाशीच. माझ्याकडे तपासायला मुलं होती. उपाशी मुलाला क्षय असला तरी कातडीवरची चाचणी काहीच दाखवत नाही, हे पाहिलं. भुकेलेल्याला एकदम पोटभर वाढलं तर तो दगावतो, हेही पाहिलं. आणि मुलांचं रडू फार लवकर आटतं. मोठ्यांचंही आटत असावं. मला बरेच दिवस आलेलं नाही. हे काम ज्याला उपयोगी पडेल त्या डॉक्टरचं. या वेळी नावाचा आग्रह नाही.

५. मिरल, वय चार. हिची आई हिंदा पाव विकायची. तीन मुलं गेली आणि मिरल तापाने फणफणली, तेव्हा ती माझ्याकडे आली. आमच्यात जुनी चाल आहे: आजारी मूल दुसऱ्या बाईला एका नाण्याला विकायचं, म्हणजे मृत्युदूत चुकीच्या घरी शोधत बसतो. मूल मोठं झालं की परत विकत घ्यायचं.

"माझं दार त्याच्या पायाखालचं झालंय, डॉक्टरीणबाई. हिला तुम्ही घ्या."

घेणारी लेकुरवाळी लागते, मला मूलबाळ नाही, असं मी तिला सांगितलं.

"मग तुमचं एकही त्याने नेलेलं नाही ना?"

मी तिला नाणं दिलं. विद्यापीठात हेच शिकवलं का, म्हणून काम्येन आठवडाभर चिडवत होते. मुलगी वाचली. हिंदा वसंतात गेली आणि परत विकत घ्यायचं राहून गेलं. म्हणजे चालीप्रमाणे मिरल माझी आहे. पण माझ्या पायांना भुकेची सूज चढली आहे आणि तिचा अर्थ मला कळतो. आता माझंही दार त्याला सापडलं.

म्हणून मी मिरल ल्युडविकाला विकते. ही आमच्या जुन्या इस्पितळातली पोलिश धोबीण. तिचे तिन्ही मुलगे धडधाकट आहेत. उद्या नर्स एस्तेर मुलीला कोर्टाच्या इमारतीतून नेईल. तिथलं एक दार वस्तीत उघडतं, दुसरं भिंतीपलीकडे. ल्युडविकाने नाणं द्यावंच. फुकट दिलेलं चालत नाही.

ल्युडविका मनाने मोठी आहे, भीती तीच आहे. पहिल्याच दिवशी ती चरबीत परतलेले बटाटे वाढेल आणि मुलगी जाईल. हा कागद पलीकडे नेऊ नये. एस्तेरने तिच्याकडून तोंडी वदवून घ्यावं. आधी पातळ पेज, चमचा चमचा, मीठ नावापुरतं. मुलगी भांड्याकडे बघत राहिली तरी जास्त नाही. चरबी पुष्कळ नंतर. डुकराची असली तरी चालेल, हिंदाला मी समजावेन. मुलगी ज्या दिवशी रडेल, त्या दिवशी वाचली असं धरावं. उगी करू नये. ल्युडविकाचं घर रुळांपाशी एकटं आहे, कोणी ऐकणार नाही.

ठिकाण: वॉर्सा. ता. १६ जुलै १९४२.
सही: फेलित्स्या झुसमान
साक्षीदार: डॉ. हिलेल काम्येन (चिडवलेलं मागे घेतो)
साक्षीदार: एस्तेर लिप्शित्स, नर्स

ता. १७. नाणं आणून बाईंच्या हातात दिलं. ल्युडविकाने सगळं न चुकता म्हणून दाखवलं. मुलगी रडली का, असं बाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. पण पलीकडच्या दाराशी तिने ओठ काढला होता.

"तेही लिही," बाई म्हणाल्या. लिहिलं. — एस्तेर