सान लावून घेतलेलं नाव

ती. दादांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात चष्म्याचा पेचकस आहे, राग मानू नका). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मी तिच्या नजरेखाली आहे, म्हणजे बराच असणार.

तुम्ही विचारलंत, या वयात जपानी कशाला? अहो, सूनबाई जपानी. तिची आई पुढच्या महिन्यात येणार, आणि विहीणबाईंसमोर नुसतं हसत किती वेळ बसायचं? म्हणून आम्ही दोघांनी लाँड्रीवरच्या खोलीत संध्याकाळची शिकवणी धरली (खालून इस्त्रीची वाफ, समोरून बाईंचे प्रश्न). पहिलाच धडा 'मी'चा. आपला एका 'मी'वर जन्म निघतो, त्यांच्याकडे फ्रेमा मांडाव्यात तसे 'मी' मांडून ठेवलेत. सर्वांना चालणारा 'वाताशी', पोरासोरांचा 'बोकु' आणि दांडगटांचा 'ओरे'. गिऱ्हाइकांना आयुष्यभर फ्रेमा निवडून देणारा मी, स्वतःसाठी 'ओरे' उचलला, भारदस्त वाटला म्हणून. बाईंनी (आमच्या थोरलीच्या वयाच्या आहेत) तोंडावर वही धरली. तुमची बहीण उठून मागच्या बाकावर जाऊन बसली.

मग 'तुम्ही'. शब्द आहे, 'आनाता', पण तो सहसा कुणाला तोंडावर म्हणायचा नाही. बायकोने नवऱ्याला म्हटलं तर चालतं. तुमची बहीण खुललीच, म्हणजे आपलं 'अहो'च की. पण बाई हटून बसल्या, वर्गात सगळ्यांनी नावापुढे 'सान' (आपलं 'राव', 'बाई' तसं) लावूनच बोलायचं. दादा, लग्न झाल्यापासून हिने माझं नाव घेतलेलं नाही. दुकानाचा पत्ता सांगतानासुद्धा 'ह्यांचं दुकान'. ती उभी राहिली, घसा खाकरला, भिंतीकडे बघितलं आणि माझं नाव घेऊन, सान लावून विचारलं, की काय काम करता. मी बोललोच नाही. बाईंना वाटलं, प्रश्न कळला नाही, म्हणून तिला पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा गप्प. तिसऱ्यांदाही. (बाईंच्या मते माझी प्रगती मंद आहे.)

बाकी सगळं नीट चाललंय. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
चष्मेवाला मेहुणा

ता. क. शिकवणी या आठवड्यात संपते. ही म्हणते, विहीणबाईंपुरतं झालं, आता पुरे. मला जपानीचं काही पडलेलं नाही, पण पुढच्या वर्गाला ही आलीच पाहिजे. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेवढा एक फोन करा, आणि मी सांगितलं म्हणू नका.

ता. क. (माझं) दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. पुढच्या वर्गाला आमची दोघांची नावं मी कालच घालून आले. तरी तू फोन कर, तुझ्या शब्दाखातर येते असं म्हणेन. आणि मी नाव घेत नाही हे खोटं आहे. दुपारी हे घोरायला लागले की घेऊन बघते. सानशिवाय.