तुटक्या चपलेची तीस वर्षं

बांडुंग, १४ जुलै

कांग आचेंग,

सलाम घे. तू बरा असशीलच, मदरशाच्या गावाची हवा चांगली म्हणतात. इथे सगळं ठीक. तुझा पत्ता काल मिळाला, तुमच्याकडे अत्तर विकायला येतो त्याच्याकडून. फोन ठेवत नाहीस म्हणे. मग लिहिणं आलं. माझं अक्षर वाकडं आहे, लावून वाच.

सोयाबीनच्या टेम्पेच्या वड्या तळायची गाडी चालू आहे. तेल महागलं. बुलुकचे गुडघे गेले, बेस गिटार आता स्टुलावर बसून वाजवतो. पोरं ओरडतात, "उठा की आजोबा!" तो म्हणतो, "उठलो तर परत बसवायला तुम्हालाच यावं लागेल."

३ ऑगस्टला आपल्या बँडला तीस वर्षं होतात. ट्रकच्या तळावर पोरं स्टेज बांधणार आहेत. बसस्टँडवर वाजवत होतो, पोलिसांनी केस भादरले, कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, तू मदरशात गेलास. नावच 'सांडाल पुतुस', तुटकी चप्पल. फरफटत का होईना, चालली. तुझ्या जागी माइकवर बुलुकच ओरडतो. गिटार कोण वाजवणार ते ठरायचंय. दुदुंग वाजवणार नाही.

तुझा भाऊ गेला, कांग. पंचवीस जूनला. किडन्या गेल्या होत्या. किती फिरवून लिहू.

मला रडू आलं नाही. अजून नाही. टेम्पे तेलात सोडते, उलटते, काढते.

मय्यताला अंघोळ घालायला मांग इदी, आपले गल्लीतले काका, आले. आपण चौघांनी गोंदवून घेतलेली चप्पल, ती दुदुंगच्या छातीवरची घासत बसले. "एंतिन, हे निघत नाही गं. पाणी कातडीला लागलं नाही तर अंघोळ पुरी कशी व्हायची?"

मी म्हटलं, "मांग, शाई आत आहे. निघायची असती तर मीच कधीची घासून काढली असती."

कुणीतरी म्हणालं, "ह्याच्या भावानं काढली ना? त्याला विचारा." कुराणातली सूरा पाठ करणाऱ्याचं गोंदण फुकटात काढून देतात, तिथे तू काढून घेतलीस ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. शेवटी चपलेसकट नेला.

सात संध्याकाळी दुआ झाली. बँडमागे फिरणारी पोरं मागून आणलेल्या लुंग्या नेसून यायची. येत काही नव्हतं, नुसते ओठ हलवायची. जेवणाचा डबा मात्र एकानं सोडला नाही.

त्याचा चाळिसावा दिवस नेमका ३ ऑगस्टलाच येतो. मी ठरवलंय, दुपारी असरच्या नमाजानंतर दुआ, मग स्टेज. दुआ पढवणारे उस्ताद म्हणतात, "बाजा असेल तर मी येणार नाही. दोन्हींतलं एक सोड." बुलुकही म्हणतो, "वाजवणं सोडू, एंतिन. लोक काय म्हणतील?" मेल्याला आत्ता लोक आठवले!

मी काही सोडत नाही. दुदुंग शुक्रवारी नमाजाला जायचा, शनिवारी गिटार वाजवायचा. त्याला कधी अडचण झाली नाही.

तुला दुआ पढवता येते. ये आणि पढव. गाणं मागत नाही. झाल्यावर कानांत बोटं घालून निघून गेलास तरी चालेल. ड्रमवर बसलं की तुमच्या दोघांच्या पाठी दिसायच्या मला. तिथे आता काही नसेल. तिकडेच बघून वाजवेन.

नाही आलास तर दुआही मीच म्हणेन. जेवढी येते तेवढी.

तुझ्या भावाची बायको,
एंतिन