मूठ सोड म्हणे!
उत्रोली, मंगळवार, संध्याकाळ

भात कापताना शालनच्या दारात त्या मिलिटरी डॉक्टरची गाडी दिसली अन् विळा माझ्या तळहातात घुसला. शालनचं लग्न ठरलंय त्याच्याशी. आणि आईनं मला नेलं कुठं, तर त्याच्याकडंच! यादवी चाललेल्या कुठल्याशा देशातून तो नुकताच परतलाय. टाके घालताना मी मुद्दाम विचारलं, "तुमी तिथं दुश्मनालाबी शिवत व्हता व्हय?"

"दोन्हीकडच्यांना. बरे झाले की परत एकमेकांवर गोळ्या झाडायचे. तुझ्यासारखेच बघायचे माझ्याकडं. मूठ सोड, गड्या."

मोबाईलचा उजेड शालननंच धरला होता. माझ्याकडं एकदाही बघितलं न्हाई.

"टाके काढायला मांडवातच ये," म्हणाला. हसत!

मरू दे. जाणार न्हाई. आत्ता मूठ आवळून बघितली, जीव जाईस्तोवर. एक टाका सुटंल तर शपथ!