अकोल्याला ठेवलेली तीन नातवंडं

आदरणीय केशवराव भाऊ,

वरूडहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे देवीदासचा नमस्कार घ्यावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. इकडे संत्र्याचा आंबिया बहार झकास आला आहे, नात मांडीवर घेतली की मिशी ओढते, आणि माझे डोळे आहेत तसेच आहेत. समोरच्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही. (काही माणसांच्या बाबतीत ही सोयच आहे.) ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घ्या. फोनच केला असता, पण तुमची बहीण भिंतीपलीकडूनही फोन ऐकते.

तर झालं असं. आमच्या शेखर-प्रणालीची मुलगी अकोल्याच्या दवाखान्यात काचेच्या बशीत सुरू झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्याच वेळचे तीन गर्भ तिथे गोठवून ठेवलेत. पाच दिवसांचे, नुसते ठिपके. दोघांना आणखी मूल नको, तेव्हा या तिघांचं काय करायचं, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं. मी म्हटलं, आमच्या पंजाबरावांचं संत्र्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे ठेवू. त्या म्हणाल्या, यांना नायट्रोजनचं भांडं लागतं. मग तर सोपंच झालं. वळूच्या बीजासाठी आमच्या गुरांच्या दवाखान्यात तेच भांडं असतं आणि तिथला डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे, असं मी सांगितलं. यावर प्रणालीने ओढणीत जे तोंड लपवलं, ते गाडीत बसेपर्यंत बाहेर काढलं नाही.

प्रणालीला (कॉलेजात जीवशास्त्र शिकवते) ते संशोधनाला द्यायचे आहेत. ती सांगते, या गर्भातल्या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्या हृदयाच्या होऊ शकतात, मज्जारज्जूच्या होऊ शकतात, डोळ्याच्या पडद्याच्यासुद्धा. (बारावीनंतर तुमचा नितेश होता तसं. फरक इतकाच, की या पेशी शेवटी काहीतरी होतात. राग मानू नये.) माझ्यासारख्या डोळ्यांवर परदेशात असे प्रयोग चालू आहेत म्हणे. पण हा अजून उपचार नाही आणि माझ्या डोळ्यांपर्यंत पोचेलच असं नाही, हेही तिनेच बजावलं. माझी काही हरकत नाही. बाग लावणारा काय सगळी संत्री स्वतः खातो? अशी सून मिळाली याचाच मला फार आनंद आहे.

घोडं अडलंय ते तुमच्या बहिणीपाशी. बारशाला तिने बायकांना सांगून टाकलं, "आनखी तीन अकोल्याले आहेत." शेजारच्या सुंदराबाईंनी विचारलं, "कोन्त्या होस्टेलात?" तिघांसाठी झबलीही शिवून तयार आहेत. मी समजवायला गेलो तर म्हणते, "तुमाले ठिपके दिसतात, मले नातवंडं दिसतात." (मला ठिपकेही दिसत नाहीत, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.) सही शेखर-प्रणालीचीच लागते, तरी प्रणाली म्हणते, "आईंचं मन मोडून मी सही नाई करत, बाबा." सून हट्टी, सासू तिच्याहून हट्टी, आणि मधे मी.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, नितेशला आशीर्वाद.

तुमचा,
देवीदास

ता. क. : खरं काम हे, की थोरल्या भावाचा शब्द ती खाली पडू देत नाही. रविवारी दर्यापूरहून सहज आल्यासारखे या आणि विषय सहज निघाल्यासारखा काढा. मी पत्र लिहिलं हे तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा : पाकिटावर बारीक अक्षरात पत्ता लिहिणं मला जमेना, म्हणून ते तिच्याच हाती देतो आहे. डिंक भरपूर लावतो आहे.

भाऊ, पार्बताचा नमस्कार. डिंक वाळलाच नव्हता. प्रणालीले मी मागच्याच हप्त्यात सांगितलं, सही कर पोरी. माह्या तोंडाकडे पाहून हे कानाशी बोलतात, ते मी रोज पाहून राहिली. या तिघांच्यापायी कोन्या बाईच्या नवऱ्याले तिचं तोंड दिसलं, तर यापेक्षा मोठं बारसं कोन्तं? दोघं अकोल्याले जाऊन सही करून आले. यांना वाटते, पोरीले लस द्यायले गेले होते.

पन तुमी रविवारी येऊ नका. मले राजी करायसाठी हे रोज सकाळी चहा करून राहिले, अन् पोरीचे लंगोटही धुऊन राहिले. मृग लागला की या.