डावी पाकळी

९ जून १९६९, सोमवार

घातलं माझ्याच गळ्यात! शाळा उघडून पहिला तास होतोय न होतोय तोवर हेडमास्तर हंबीररावांनी बोलावलं. म्हणाले, "मगदूमबाई, यंदापासनं आपल्या हायस्कूलच्या करिअर मास्तर तुम्ही." मी म्हटलं, सर, मास्तर? मी? तर म्हणतात, "हुद्दा मास्तरचा हाय, माणूस कुणीबी चालतंय." वर हसले. मेच्या सुट्टीत शिबिराला मलाच का धाडलं होतं ते आत्ता कळलं. बाकी सगळ्यांच्या घरी लग्नं होती म्हणे!

काम असं, की नववीत आलेल्या मुलांना विषय निवडायला मदत करायची. 'अ' तुकडीला बीजगणित-भूमिती आणि पदार्थविज्ञान-रसायन. 'ब' तुकडीला अंकगणित, शरीरशास्त्र, मुलींना गृहशास्त्र. 'अ'त गेलं तरच अकरावीनंतर कॉलेजात सायन्स मिळणार. 'ब'त बसलं की ते दार बंद. चौदा वर्षांच्या पोरानं हे जूनमध्येच ठरवायचं, आणि तीस तारखेला यादी पक्की. मी सल्ला द्यायचा! मला संध्याकाळी भाजी कुठली करायची ते अजून ठरवता येत नाही.

शिबिरातलं एकच वाक्य लक्षात राहिलंय. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "एका पालकाशी झालेलं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये." बाकी वेळ माझं लक्ष चहा कधी येतो इकडंच होतं.

११ जून, बुधवार

मुलांना कागद वाटले. मोठेपणी कोण होणार, ते लिहा. निम्म्या वर्गानं लिहिलं — साखर कारखान्यात केमिस्ट!

बाळासोला उभं केलं. "केमिस्ट काय करतो रे?"

"साखर चाखतोय, बाई."

"आणि?"

"आणि पगार घेतोय."

वर्ग हसला. मीही हसले. मग खोलीवर येताना वाटलं, ह्याच्यापेक्षा जास्त मला तरी काय ठाऊक आहे? कारखान्याचं धुराडं रोज लांबून बघते, आत पाऊल टाकलेलं नाही.

मुलींनी बहुतेक 'संसार' लिहिलंय. सायकलवाल्या अमीनभाईंच्या जरीनानं 'डॉक्टर' लिहून खोडलं आणि खाली 'शिवणकाम' लिहिलं. शालन गुरवचा कागद कोरा. तो का कोरा?

१३ जून, शुक्रवार

शालनला मधल्या सुट्टीत थांबवलं. भैरोबाच्या देवळातल्या गुंडू गुरवांची ही पोरगी. हिच्या वह्यांना नेहमी गंधाचा वास येतो. आठवीला गणितात हिच्या जवळपास कुणी नव्हतं. काल फळ्यावर भूमितीचं एक कोडं मांडलं, तर जागेवरून म्हणाली, "बाई, आणि एक रेघ वडा की, मग दिसतंय." खरंच दिसलं. मला आधी दिसलं नव्हतं ते सोडा!

मी म्हटलं, शालन, तू 'अ' तुकडीत यायचं. तिनं विचारलं, "आणि कोण पोरी हाईत त्यात?"

"अजून एकही नाही. ह्या शाळेत तू पहिली!" किती फुशारकीनं सांगितलं मी.

"तुमच्या येळंला?"

"मीसुद्धा एकटीच होते कॉलेजात. चार वर्षं."

"एकटं वाटायचं न्हाई?"

"सवय होते गं."

मान हलवून गेली.

सवय होते म्हणजे काय होतं? पहिल्या बाकावर मी एकटी, मागं सगळी मुलं. कुणी खडूचे तुकडे मारायचं, कुणी नुसतं खाकरायचं. मुलींच्या खोलीत डबा उघडला की समोर भिंत. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा पेढा द्यायला वर्गातलं कुणी नव्हतं. पण हे तिला कशाला सांगायचं? उगाच घाबरायची.

१४ जून, शनिवार

गुंडू गुरवांकडे जाऊन आले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते — मुलीची जात, शिकून काय करणार, अशी उत्तरं पाठ करून! तसलं काहीच नाही. उलट म्हणाले, "बाई, पोरीचं डोस्कं हाय तर शिकू दे की. माझी ना न्हाई." चहा घेताना त्यांचा हात इतका थरथरत होता की निम्मा चहा बशीत सांडला. शालननं मुकाट्यानं पुढं होऊन बशी धरली.

मी उठणार तोवर म्हणाले, "तेवढं उद्या देवाला इचारतो. आमच्यात इचारल्याबिगर म्हसरू बी इकत न्हाईत."

"विचारा की," मी म्हटलं. मला काय माहीत!

१६ जून, सोमवार

डावी पडली.

शालननं सकाळी वर्गाच्या दारात सांगितलं. "बाई, देवानं डावी दिली." आणि आत जाऊन बसली. मला काही उमगेना. दुपारी खोलीवर आल्यावर घरमालकीण बयाबाईंनी समजावलं. रविवारी देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. तो देवाचा कौल.

"अहो, पण गणित शिकायचं का हे पाकळीला काय कळतंय?"

बयाबाई म्हणाल्या, "माझं लगीन बी कौल लावूनच ठरलं."

"मग?"

"मग काय! दादला दारुडा निघाला. पर कौल बराबर हुता."

पाकळी वाळली की पडते. ज्या बाजूला पाणी कमी ती आधी. एवढं साधं आहे! पण हे गुंडूमामांच्या तोंडावर सांगायचं तर तो माणूस माझ्याच बाजूचा आहे. राग तरी कुणावर काढू? भैरोबावर?

१७ जून, मंगळवार

आज स्टेशनाजवळ अमीनभाईंच्या दुकानात. पंक्चर काढता काढता ते बोलत होते, जरीना आत पडद्यामागं उभी. पायाची बोटं दिसत होती.

"पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय. पर एवढ्या पोरात एकटी बसवू व्हय? आणि एक कुणाची तरी पोरगी येऊ द्या. मग माझी हरकत न्हाई."

मी लगेच बोलणार होते — शालन! पण शालनचं काही नक्की नाही. अमीनभाईंनी वर बजावलं, "आमचं नाव कुठं काढू नका हं बाई. हिचं न्हाई जमलं तर मोहल्ल्यात हसं हुईल." मी शब्द दिला.

म्हणजे आता असं झालंय. शालन आली तर जरीना येणार. शालनला देव अडवतोय. जरीनाचं शालनला सांगायचं नाही, कारण शब्द दिलाय. शालनचं जरीनाला सांगायचं नाही, कारण साहेबांनी टेबलावर हात आपटलाय. त्या साहेबांना उचलून आणावं आणि हातकणंगल्याच्या बाजारात बसवावं!

१९ जून, गुरुवार

हंबीररावांना विचारलं काय करू. म्हणाले, "देवाच्या कामात शाळेनं पडू नये, आणि शाळेच्या कामात मी पडत न्हाई."

२० जून, शुक्रवार

गुंडूमामा बाजारात भेटले. तेच म्हणाले, "बाई, तीन बारी इचारायची मुभा असती. येत्या रविवारी दुसऱ्यांदा लावतो. तुमी या." मी जाणार आहे. का जाणार आहे ते माहीत नाही. सायन्सची बाई कौल बघायला! आई ऐकेल तर हसेल, कॉलेजातले सर ऐकतील तर रडतील.

२२ जून, रविवार

गेले. गाभाऱ्यात अंधार, समईचा उजेड, तेलाचा वास. शालन पाकळ्यांचं ताट घेऊन आतून बाहेर आली, माझ्याकडे न बघता खांबाशी उभी राहिली. गुंडूमामांनी हात जोडले आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं — "बा भैरोबा, लेकीनं बाईंच्या मनाजोगतं शिकावं का न्हाई, काय असंल ते दाव."

बाईंच्या मनाजोगतं! ते मला टोचलं. पण त्या वेळी विचार करायला फुरसत कुठं होती? मी उजव्या पाकळीकडं बघत होते. चक्क श्वास रोखून! मनात म्हणत होते, पड बाई, पड. देव मानत नाही असं म्हणणारी मी, अष्टरच्या फुलाच्या त्या एवढ्याशा पाकळीची विनवणी करत होते.

डावी पडली. देवाच्या मांडीवरून घसरून खाली आली, अगदी सावकाश.

गुंडूमामांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, अजून एकदा विचारता येतं ना? ते म्हणाले, "येतं. पर दोनदा न्हाई म्हटल्यावर तिसऱ्यांदा इचारायचं म्हंजे देवासंगं हुज्जत. आनि तिसऱ्यांदा पडंल ते दगडावरची रेघ." प्रसादाचं खोबरं हातात घेऊन चालत आले, खोलीत आल्यावर बघितलं तर मुठीतच होतं.

२३ जून, सोमवार

डोकं चालत नाही. दोनदा डावीच कशी?

२४ जून, मंगळवार

शालननं 'ब' तुकडीत नाव दिलं. गृहशास्त्र. जरीनानंही. तिला मी काही सांगितलंच नाही, सांगण्यासारखं काय उरलं होतं?

एक गोष्ट मात्र डोक्यात घोळतेय. नाव देताना शालनचं तोंड पडलेलं नव्हतं. उलट हलकी दिसली. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवल्यावर बायका मान सैल करतात तशी. मलाच वाईट वाटत होतं आणि ती मैत्रिणीशी हसत गेली. मला राग आला. मग रागाचाही राग आला.

२५ जून, बुधवार

झोपेतून उठले तीच "बाईंच्या मनाजोगतं" हे शब्द घेऊन. तिनं कागद कोरा दिला होता. मी त्याबद्दल तिला विचारलंच नाही. भूमिती येते म्हणजे भूमिती हवी, असं मीच धरून चालले. मग मी कुणाला 'अ' तुकडीत बसवायला निघाले होते? शालनला, की पहिल्या बाकावरच्या त्या मलाच?

पण तिला भूमिती आवडते! मी डोळ्यांनी बघितलंय. आजसुद्धा माझा तास चालू असताना 'ब'च्या खिडकीतून फळा बघत होती. काय खरं धरायचं?

२६ जून, गुरुवार

शाळा सुटल्यावर शालन गृहशास्त्राची वही दाखवायला आली. वहीत शेंगदाण्याच्या लाडवाची कृती, आणि समासात कंपासनं काढलेली वर्तुळं. ती वर्तुळं बघून माझा तोल गेला. शब्द दिला होता तो मोडला. म्हटलं, "तू आली असतीस तर जरीनापण येणार होती. दोघी एका बाकावर बसला असता. तुझ्या देवानं दोघींना घरी बसवलं!"

ती बघतच राहिली. "जरीना? आपली जरीना येणार हुती? मग तुमी सांगितलं का न्हाई?"

"सांगायचं नव्हतं."

ती खाली बसली, माझ्या टेबलापाशी, जमिनीवरच.

"बाई, आबाचा हात थरथरतोय. गेल्या दिवाळीपासनं पाकळ्या मीच लावतोय. डावीला पाणी मुद्दाम कमी लावलं म्या. दोन्ही बारीला."

मी तिची वही मिटून ठेवली.

"आबा तुमच्याच बाजूनं हुतं. तुमी दोघं मिळून म्हणताय, तर न्हाई म्हणायला माझ्याकडं दुसरं कोण हुतं, बाई? एवढ्या पोरात मी एकटी बसणार न्हवतो. तुमी म्हणालासा सवय हुती. म्हणताना तुमचं तोंड कसं झालतं, ते म्या बघितलंय."

मी खिडकीकडं तोंड केलं. मला चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते हिनं नुसतं बघून ओळखलं होतं.

उठली, परकर झटकला. दारात जाऊन वळली.

"यादी सोमवारी पक्की हुती न्हवं? मग रविवारी या की, बाई. तिसरी बारी अजून ऱ्हायलीय. जरीनाच्या अब्बांस्नी बी घेऊन या."

आणि मी "बरं" म्हणाले.