वाटी वाजवणारा हात

४ मार्च, रविवार

काय गं वहीबाई, विसरलीस ना? मागच्या पानावर मी काय सांगितलं होतं ते सांग बघू! नाही आठवत. पान उलटलं की तुझी पाटी कोरी. माझे दात गेले, गुडघे गेले, तरी मला सगळं आठवतं. आणि तू परवा दुकानातून आलेली! मी म्हणाले होते, आता कंटाळा आला, यापुढे एक अक्षर सांगणार नाही. विसरलीस ते बरंच झालं.

लिहिणारी नेहमीचीच, माझी नात. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्प बसता येत नाही, असा आमचा संसार. मी सांगायचं, तिनं लिहायचं आणि मधेमधे नाक मुरडायचं. मी तिला कारकून म्हणते. (हेही लिही. गाळलंस तर कळेल मला, ओळ आखूड दिसते.)

आज टीव्हीवर एक खरीखुरी गोष्ट सुरू झाली. चार रविवार चालणार म्हणे. नदीकाठी एक घर. नवरा होड्या दुरुस्त करतो, बायको आहे, आणि नवऱ्याचा म्हातारा बाप. एका सकाळी म्हाताऱ्याला जाळ्यात अडकून मेलेली पाणमांजर दिसली आणि तिच्या पोटाशी तिचं पिल्लू. जिवंत. चपलेएवढं! म्हाताऱ्यानं ते टोपीत घालून घरी आणलं. त्यांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलं, माझ्या तोंडात बसेना. मी त्याला मिशाळराव म्हणते.

खालच्या मजल्यावरची शिंपीण आली होती बघायला. तिचा टीव्ही बिघडलाय. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आली, म्हणजे आता उठणार नाही हे ठरलेलंच. पिल्लाला मासे कुस्करून भरवत होते, तर ही म्हणते, "अगदी तुमच्यासारखंच हो आजी!" आमच्या घरात मला सगळं कुस्करून मिळतं, ते हिला ठाऊक. मी म्हणाले, तू माझ्या कोटाची एक बाही एवढी लांब शिवलीस की तिच्यात भाडेकरू ठेवता येईल, तू बोलू नकोस.

तेव्हापासून मी त्या बाईकडे काहीही मागितलेलं नाही. तिच्याकडेच कशाला, कुणाकडेच मागत नाही. सवय नाही.

६ मार्च

गुडघे. बाकी काही नाही.

९ मार्च

चष्मेवाला जिना चढून वर आला! कारकून त्याच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासते. तो म्हणाला, "आजी, तुम्ही तरी समजवा हिला."

काय समजवायचं तेच मला माहीत नव्हतं. मग कळलं. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका शहरात मोठा कारखाना आहे, तिथं दुर्बिणींची भिंगं बनवतात. हिचा हात बघून त्यांनी हिला बोलावलंय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं. "असा हात मी तीस वर्षांत बघितला नाही," म्हणाला. कारकून कानापर्यंत लाल.

त्यानं तिकडचे सुके अंजीर आणले होते मूठभर. तो जाताच हिनं ते डब्यात टाकले. "कडक आहेत, तुला चावणार नाहीत. भिजवून कुस्करून देईन." मी एक आधीच गालात लपवला होता. दुपारभर पुरला.

संध्याकाळी विचारलं, जाणार का? म्हणाली, "बघू." हिच्या "बघू"चा अर्थ "नाही" असा होतो, लहानपणापासून.

"का नाही?"

"तुझी वही कोण लिहील?"

"वही मेली खड्ड्यात." (माफ कर गं वहीबाई.)

"मग भिंत कोण ऐकेल?"

तुला सांगते, आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे. मला काही लागलं की मी काठीनं भिंतीवर दोनदा ठोकते. ही येते. तोंडात दात घासायचा ब्रश असला तरी येते. तिचे आईबाप एका अपघातात एकदमच गेले तेव्हा तिला पाळण्यात निजवलं तरी जागा उरायची. तेव्हा भिंतीपलीकडून ती रडायची आणि मी धावायचे. आता उलटं. त्यात नवल काय? पण आज जरा नवल वाटलं खरं.

११ मार्च, रविवार

दुसरा भाग. मला एक गोष्ट माहीतच नव्हती, पाणमांजराला पोहायला शिकवावं लागतं! पाण्यातलं जनावर आणि पाण्याला घाबरतं. मिशाळराव बादली बघितली की म्हाताऱ्याच्या बाहीत शिरतात. शेवटी म्हातारा स्वतः नदीत उतरला, कमरेएवढ्या पाण्यात. आणि त्याला स्वतःला पोहता येत नाही! मुलानं कमरेला दोर बांधून काठावरून धरलाय, म्हातारा थंडीनं कुडकुडतोय आणि पिल्लाला सांगतोय, "हं, पाय मार. असा नाही, असा."

कारकून हसली. "आजी, तू मला बाराखडी अशीच शिकवलीस. पुस्तक उलटं धरून."

उलटं धरलं होतं? मला कुणी सांगितलंच नाही इतकी वर्षं!

शिंपीण रडली. नाक शिंकरायला माझा टॉवेल घेतला.

१४ मार्च

जीव नुसता थकून गेलाय. सकाळी उठताना दमते, मग दमले म्हणून निजते, निजून उठले की पुन्हा दमते. दिवस म्हणजे काय, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर.

१८ मार्च, रविवार

तिसरा भाग. आज मीही रडले, पण नाक शिंकरलं नाही.

मिशाळराव मोठे झाले. त्यांना नदीत सोडलं. सगळं घर काठावर उभं, बायको तोंडावर हात धरून. गेला! आणि तिसऱ्या दिवशी परत. शेजारच्या घरी कुणीतरी भांडी घासत होतं, तिथं जाऊन दारात उभा. का, तर घरच्यांची एक चूक. पिल्लू असताना भरवण्याआधी ते रोज ॲल्युमिनियमच्या वाटीवर चमचा वाजवायचे. टण् टण्. म्हणजे जेवण आलं. आता नदीकाठी कुठंही भांडं वाजलं की हा माणसांच्या दारात. एका कोळ्यानं दगड मारला. पाय सुजला.

मग ती सवय मोडायची ठरली. रोज काठावर जायचं, वाटी वाजवायची, हा धावत यायचा — आणि वाटी रिकामी. हा वर बघायचा, वाटीत बघायचा, पुन्हा वर बघायचा. बायकोनं चार दिवस केलं आणि म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही."

शिंपीण म्हणाली, "किती दुष्टपणा!"

मला मात्र काहीतरी सुचलं होतं.

१९ मार्च

सकाळी भिंतीवर दोनदा ठोकलं. कारकून आली.

"काय गं?"

"काही नाही. उगाच."

दहा मिनिटांनी पुन्हा. आली, केस अर्धे विंचरलेले. "काय हवंय?"

"काही नाही."

जेवताना पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. शेवटी दारात उभी राहून कमरेवर हात ठेवले. "आजी! मी पाणमांजर आहे का?"

ओळखलं बाई!

"मला कळतं तू काय करतेयस. त्याला कळत नाही, म्हणून त्याची सवय मोडेल. मला कळतंय, म्हणून मी जाणार नाही. आणि हे वहीत लिहायला सांगितलंस तरी लिहिणार नाही."

लिहितेय. बघ.

२२ मार्च

आज तुला सगळं नीट सांगते, कारण कारकून दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही. आत्ता लिहितेय तेही मान खाली घालून.

सकाळी खिडकीशी वाकले आणि स्टुलावरून घसरले. लागलं फारसं नाही, पण उठता येईना. बसले जमिनीवर. काठी हातात होती. भिंत हाताशी होती. पलीकडे ती दुकानाला जायची तयारी करत होती, गाणं गुणगुणत होती. ठोकलं असतं तर आली असती.

नाही ठोकलं.

तिला वाटलं मी निजले, दार ओढून गेली. मी बसले. ऊन खिडकीतून फरशीवर आलं, माझ्या पायावरून सरकलं, कपाटापर्यंत गेलं. डबा विसरली म्हणून दुपारी परत आली तेव्हा मी तिथंच.

तिचा चेहरा! मला वाटलं मारते की काय. अशी ओरडायला लागली की खालून शिंपीण धावत आली, गळ्यात टेप लटकलेली. दोघींनी मिळून उचललं. शिंपीण म्हणाली, "सकाळी धप् झालं तेव्हा मला वाटलं कपाट हललं. अहो आजी, मी खालीच होते की! जमिनीवर ठोकायचं एकदा!"

"तुला कशाला त्रास," म्हणाले मी.

"आणि मला नाही ठोकलंस ते?" कारकून म्हणाली. "का?"

"सवय मोडत होते."

"माझी?"

हो म्हणणार होते. तोंडातून निघेना.

२५ मार्च, रविवार

शेवटचा भाग. तिघी एका ओळीत बसलो. कुणी कुणाशी बोललं नाही.

रिकामी वाटी वाजवणं चालूच आहे, होडीवाला वाजवतो. मिशाळराव येईनासा होत चाललाय. तरी रोज भल्या पहाटे मात्र काठावर येऊन बसतो. का, कुणाला कळेना. मग सिनेमावाल्यांनी झाडावर कॅमेरा बांधला. आणि कॅमेऱ्यात काय दिसलं, सांगू? म्हातारा! पहाटे एकटा जातोय, खिशातून चमचा काढतोय, वाटी वाजवतोय. वाटीत मासा. जनावराची सवय कधीच सुटली असती. म्हाताऱ्याचा हात सुटत नव्हता.

मुलगा चिडला नाही. म्हाताऱ्याजवळ बसला फक्त. म्हातारा म्हणाला, "तो येतो की नाही, एवढंच बघायचं होतं."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं वाटी मुलाच्या हातात दिली. नंतर टीव्हीवर नदीचं एक वळण दिसलं. लांब पाण्यात एक डोकं वर आलं, मिशा दिसल्या. किनाऱ्याकडे बघितलं. आणि बुडी.

शिंपीण रडली नाही आज. उलट माझ्याकडे बघत होती. मी टीव्ही बंद करायला सांगितला.

२६ मार्च

कारकून बोलली. मीच आधी बोलले, खरं तर. म्हणाले, तू विचारलंस ना कुणाची सवय? माझी. बऱ्याचदा मला काही नकोच असतं. तू आहेस की नाही, एवढंच बघते.

ती काच पुसत होती. कुणाचा तरी चष्मा घरी आणला होता.

"मला माहीत होतं," म्हणाली. "पाणी आणायला यायचे तेव्हा तुझा पेला भरलेलाच असायचा."

"मग यायचीस कशाला?"

"मलाही बघायचं असायचं."

मग तिनं अट घातली. साधीसुधी नाही! म्हणाली, "मी जाईन. पण तू खाली जाऊन शिंपिणीला स्वतःच्या तोंडानं विचारायचं. मदत कराल का, असं. मी विचारणार नाही. चिठ्ठीही लिहून देणार नाही. तू कुणाकडे काही मागत नाहीस म्हणून मी अडकलेय, भिंतीमुळे नाही."

"त्या लांब बाहीवालीला? जीव गेला तरी नाही!"

"ठीक आहे. मग बघू."

तिचं "बघू"!

२८ मार्च

दोन ओळीसुद्धा सांगवत नाहीत. निजते.

३० मार्च

शिंपीण जिन्यात भेटली. "कशा आहात?" म्हणाली. "बरी आहे," म्हणाले. तिनं थोडं थांबून बघितलं. मीही थोडं थांबले. मग दोघी आपापल्या दारात. अठरा पायऱ्यांचा जिना, पण शब्द एकही उतरेना. मरणाला भीत नाही मी, वहीबाई. "जरा येशील का" म्हणायला भिते.

३१ मार्च

आज संध्याकाळी चष्मेवाल्याला उत्तर द्यायचं. कारकून पेन इतकं दाबून लिहितेय की मागच्या पानावर उमटेल. डोळे सुजलेत. कांदा चिरला म्हणते. घरात कांदा नाही.

पुरे आता. पेन ठेव. माझा कोट दे, तो लांब बाहीचाच. आणि काठी.

"कुठे निघालीस?"

विचारू नकोस. लिहूही नकोस. पायरीवर हात मात्र धर, शेवटच्या दोन सोडून. त्या दोन मी एकटी उतरेन.

११ एप्रिल

अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस, वहीबाई. हे शिंपिणीचं. जरा तिरकं आहे, तिच्या शिलाईसारखं. (लिही म्हटलं ना!) बाही मात्र तिनं नीट केली.

आज सकाळी सवयीनं भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडे सगळं शांत. काठी खाली आणली, जमिनीवर ठोकली. ही आली, दातांत सुई धरून.

शिंपीणबाई, या पानाचा फोटो काढून कारकुनाला पाठव. खाली लिही: आजीला तिकडचे सुके अंजीर पाठव. भिजवलेले नकोत, कुस्करलेले तर नकोतच. अख्खे, कडक. चावायला आता वेळच वेळ आहे.